काटा गेला, आकडा आला

आमच्या एका शिक्षकमित्राच्या वडिलांकडे १९७४ सालची साडेतीनशे सीसीची बुलेट आहे. वडिलांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. टाकीत पेट्रोल भरले की तारीख, लिटर आणि मीटरवरचा आकडा एका वहीत लिहायचा, ही त्यांची जुनी सवय. या वहीत वर्षानुवर्षे लिटरला ३५ किलोमीटरच्या आसपास हिशेब निघत आला होता. एका पावसाळ्यानंतर तो एकदम साडेबत्तीसच्या खाली आला. पुढच्या भरणीला तेच, त्याच्या पुढच्या भरणीलाही तेच. मेकॅनिकने इंजिनाचा आवाज ऐकला, धूर पाहिला आणि सांगून टाकले, "रिंगा गेल्यात. बोअर करून घ्या." बोअर करायचे म्हणजे इंजिन उघडायचे, सिलिंडर आतून तासून मोठा करायचा आणि त्या मापाचा नवा पिस्टन घालायचा. पन्नास वर्षांच्या सिलिंडरमधून एकदा तासलेले लोखंड परत येत नाही.

गाडी कामाला टाकायच्या आदल्या दिवशी अण्णांनी वही आमच्यापुढे ठेवली आणि विचारले, "आमच्या गावचा रस्ता बेचाळीस किलोमीटर. आता मीटर एकोणचाळीस दाखवतो. पेट्रोल जास्त लागायला लागलं म्हणता, मग रस्ता कसा काय कमी झाला?"

त्या पावसाळ्यात गाडीत एकच बदल झाला होता. जुन्या काट्याच्या मीटरची केबल तुटली, तबकडीत पाणी शिरले, आणि अण्णांनी नको म्हटले असतानाही मुलाच्या हौसेखातर तिथे आकडे दाखवणारा नवा डिजिटल मीटर बसवण्यात आला. बसवणारे आम्हीच होतो. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते जुने आणि नवे मीटर कसे चालतात याविषयी आहे, तसेच आमच्या चुकीविषयीही आहे.

काटा काय मोजत होता?

जुन्या मीटरला वेग कळतो कसा? चाकाच्या हबपाशी एक लहानशी दात्यांची पेटी असते. चाक फिरले की तिच्यातून एक लवचीक केबल फिरते. ही केबल म्हणजे आवरणाच्या आत पिळासारखी गुंडाळलेली तार. तिचे दुसरे टोक मीटरमध्ये जाऊन एका छोट्या चुंबकाला फिरवते. या चुंबकावर ॲल्युमिनियमची एक वाटी उपडी घातल्यासारखी बसवलेली असते, पण ती चुंबकाला कुठेही टेकत नाही. काटा या वाटीला जोडलेला असतो, आणि वाटीला मागे ओढणारी, घड्याळात असते तशी, एक बारीक स्प्रिंग असते.

ॲल्युमिनियमला चुंबक खेचत नाही, हे आपण सहावी-सातवीच्या मुलांना दाखवतो. मग न टेकणारा चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला फिरवतो कसा? फिरत्या चुंबकामुळे वाटीच्या पत्र्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र सतत बदलत राहते. बदलत्या क्षेत्रामुळे पत्र्यात विद्युतप्रवाह निर्माण होतात. ते पाण्यातल्या भोवऱ्यांसारखे जागच्या जागी गोल फिरतात, म्हणून त्यांना भोवरा प्रवाह म्हणतात. आपल्याला निर्माण करणाऱ्या बदलाला विरोध करणे हा अशा प्रवाहांचा स्वभाव. इथे बदल कशामुळे होतो? चुंबक वाटीपेक्षा वेगाने फिरतो आहे यामुळे. मग विरोध करायचा तर वाटीने चुंबकाच्या मागे धावून तो फरक कमी करायला हवा. वाटी धावू पाहते, स्प्रिंग तिला अडवते, आणि दोघांचा जिथे तह होतो तिथे काटा थांबतो. चुंबक दुप्पट वेगाने फिरला तर ओढ दुप्पट होते. स्प्रिंगही दुप्पट वळली की दुप्पट जोराने ओढते. म्हणून तबकडीवरचे आकडे सारख्या अंतरावर मांडता येतात.

तांब्याची चकती फिरवली तर तिच्यावर टांगलेली चुंबकसूची तिच्यामागे फिरू लागते, हे फ्रान्समध्ये आरागोने १८२४ साली पाहिले होते. असे का होते याचा उलगडा १८३१ मध्ये फॅरेडेच्या शोधानंतर झाला. या तत्त्वावरच्या वेगमापकाचे पेटंट स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झ या अभियंत्याने १९०२ साली घेतले. त्यानंतर शतकभर जगातल्या बहुतेक मोटारी आणि मोटरसायकली याच वाटी-चुंबकावर चालल्या.

हा प्रयोग वर्गात करता येतो. परातीत पाणी घेऊन त्यावर ॲल्युमिनियमच्या डब्याचे हलके झाकण तरंगत ठेवा. एक जोरदार पट्टीचुंबक दोऱ्याने मधोमध बांधून झाकणाच्या अगदी जवळ, पण न टेकेल असा, आडवा टांगा. दोऱ्याला भरपूर पीळ देऊन सोडा. थोड्या वेळात झाकणही चुंबकाच्या दिशेने फिरू लागेल. मुले वाऱ्याची शंका काढतील, आणि ती रास्त आहे. दोहोंमध्ये काचेचा तुकडा धरला की ती मिटते. आता गोल बटणासारखा चुंबक घेऊन त्याचे ध्रुव वर-खाली येतील असा तो टांगा आणि फिरवा. झाकण हलणार नाही. चुंबक फिरतो आहे, मग असे का, हे मुलांनाच शोधू द्या.

या मीटरमध्ये किलोमीटर मोजणारा भाग मात्र वेगळा असतो, आणि आमच्या गोष्टीत तोच महत्त्वाचा आहे. आकड्यांची ती छोटी चाके वाटीला जोडलेली नसतात. ती थेट केबलच्या फेऱ्यांना दात्यांनी जोडलेली असतात. केबल सुकली, तिला वंगण मिळाले नाही, की ती अडखळत आणि उसळत फिरते. मग काटा ४० आणि ६० यांच्यामध्ये डोलत राहतो. चुंबक जुना होऊन अशक्त झाला, तर काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. उन्हाने मीटर तापला तर ॲल्युमिनियमचा विद्युतरोध वाढतो. दर अंशाला सुमारे ०.४ टक्के, म्हणजे २० अंशांच्या फरकाला ८ टक्के. भोवरा प्रवाह तेवढे कमी होतात. म्हणून चांगल्या मीटरमध्ये चुंबकाला निकेल आणि लोखंडाच्या खास मिश्रधातूची एक पट्टी लावतात. तीमधून चुंबकाचे काही क्षेत्र आडवाटेने जात असते. तापल्यावर ती वाट अरुंद होते आणि वाटीच्या वाट्याला जास्त क्षेत्र येऊन घट भरून निघते. काट्याच्या मागे इतक्या भानगडी आहेत. पण काटा डोलो, कमी दाखवो की अडको, किलोमीटरची चाके केबलचे फेरे मोजत राहतात. फेरा म्हणजे फेरा, तो अशक्त होत नाही.

ब्रिटिश स्मिथ्स कंपनीच्या अनेक जुन्या तबकड्यांवर बारीक अक्षरांत १६०० असा आकडा आढळतो. एक मैल जाताना केबलने १६०० फेरे घ्यावेत, असा त्याचा अर्थ. मैलात १६०९ मीटर. बुलेटच्या १९ इंची चाकाचा परीघ दोन मीटरहून थोडा जास्त आहे असे धरले, तर मैलात चाकाचे सुमारे ७९० फेरे होतात. म्हणजे हबपाशी असलेल्या पेटीने चाकाच्या एका फेऱ्याला केबलचे दोन फेरे द्यायला हवेत. एवढ्या एका आकड्यावरून न पाहिलेल्या दात्यांचे गुणोत्तर काढता येते. नववीच्या वर्गाला हे गणित आवडते, असा आमचा अनुभव आहे.

एक गंमत सांगायचा मोह होतो. स्मिथ्सचाच क्रोनोमेट्रिक नावाचा एक वेगमापक १९३० ते १९६० च्या दशकांत ब्रिटिश मोटरसायकलींवर असे. त्यात चुंबक किंवा वाटी काहीच नसे. आत घड्याळाची यंत्रणा असे. ती ठरावीक, सेकंदाहूनही थोड्या कमी, काळापुरती केबल एका दातेरी चाकाला जोडून देई. तेवढ्या वेळात ते चाक जितके सरकले तितका काटा सरके, मग पुन्हा नवी मोजणी. त्यामुळे गाडी वेग घेताना काटा गुळगुळीत न चढता टप्प्याटप्प्याने उडत चढे. ठरावीक वेळात फेरे मोजायचे, निकाल दाखवायचा, पुन्हा मोजायचे. आजच्या डिजिटल मीटरचे काम याहून निराळे नाही. मोजणी पितळी दात्यांनी होत होती, एवढाच काय तो फरक.

आकडा कुठून येतो?

नव्या मीटरबरोबर फिरणारी केबल येत नाही. एक साबुदाण्याहून थोडा मोठा चुंबक येतो आणि वायरच्या टोकाला बसवलेला एक संवेदक येतो. चुंबक चाकाच्या हबवर चिकटवायचा, आणि तो ज्या वाटेने फिरेल तिच्या समोर दोन-तीन मिलिमीटरवर संवेदक पक्का करायचा. चुंबक समोरून गेला की संवेदक एक विद्युत स्पंद पाठवतो. हा संवेदक हॉल परिणामावर चालतो. प्रवाह वाहत असलेल्या पट्टीला आडवे चुंबकीय क्षेत्र लावले, तर पट्टीच्या दोन कडांमध्ये लहानसा विभवांतर तयार होतो, हे अमेरिकेत एडविन हॉल याने विद्यार्थी असतानाच, १८७९ साली दाखवले. असे अनेक संवेदक चुंबकाच्या एकाच ध्रुवाला ओळखतात. आम्ही पहिल्यांदा चुंबक उलटा चिकटवला आणि अर्धा दिवस वायरी तपासत बसलो.

चुंबक चिकटवण्यात कंजूषी करू नये. हबवर केंद्रापासून १० सेंटिमीटरवर बसलेला चुंबक, गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असताना, सेकंदाला सव्वाआठ फेरे घेतो. अभिकेंद्री त्वरणाचे सूत्र घालून पाहा. उत्तर गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे २७ पट येते. ५ ग्रॅमचा चुंबक स्वतःच्या जागी टिकून राहण्यासाठी गोंदाकडे जवळजवळ १३५ ग्रॅम वजनाइतकी ओढ मागतो, आणि ताशी शंभरला ती पावणेतीन पटींहून थोडी जास्त होते.

आता मीटरच्या आत काय होते ते पाहू. सर्वांत साधी रीत म्हणजे एका सेकंदात किती स्पंद आले ते मोजणे. पण ताशी ६० ला सेकंदाला सव्वाआठ फेरे म्हणजे कधी ८ स्पंद पकडले जातील, कधी ९. आठांचा वेग ताशी ५८ येतो, नवांचा ६५. मधला कोणताही वेग या रीतीने दिसणारच नाही, आकडा ५८ आणि ६५ यांच्यात उड्या मारत राहील. एकच चुंबक असताना स्पंद मोजत बसणे हा म्हणून ओबडधोबड उपाय आहे. त्याऐवजी मीटर उलटे काम करतो. दोन स्पंदांमधला वेळ तो आतल्या क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांनी मोजतो. ताशी ६० ला हा वेळ सेकंदाचे सुमारे १२१ हजारांश असतो. परिघाला या वेळाने भागले की वेग मिळाला.

या रीतीची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. गाडी थांबली की स्पंद येणेच थांबते. स्पंद आला नाही याचा अर्थ गाडी थांबली असा, की ती फार हळू चालली आहे असा? ताशी ५ किलोमीटरला दोन स्पंदांमध्ये जवळजवळ दीड सेकंद जातो. म्हणून मीटर थोडी वाट पाहतो आणि मगच शून्य दाखवतो. सिग्नलला गाडी उभी केल्यावरही आकडा क्षणभर ६ किंवा ८ वर रेंगाळतो, तो याच कारणाने. वाटीवरचा काटा मात्र चाकाबरोबरच शून्यावर येई. जुने ते सगळेच मागासलेले होते असे म्हणण्याचे कारण नाही.

सहा व्होल्टची गाडी, बारा व्होल्टचा पाहुणा

अण्णांच्या गाडीची विद्युतव्यवस्था सहा व्होल्टची. नव्या मीटरला बारा व्होल्ट हवे. सहाचे बारा करणारे छोटे परिवर्तक बाजारात मिळतात आणि मीटरला प्रवाह फारच थोडा लागतो, त्यामुळे ही अडचण मोठी नाही. खरी काळजी वेगळी आहे. त्या काळच्या अनेक गाड्यांत विद्युतदाब बांधून ठेवणारा रेग्युलेटर नसे. डायनामो किंवा आल्टर्नेटर जे जास्तीचे देई ते बॅटरी पोटात घेई. दिव्याचा बल्ब अशा चढउताराला कुरकुरत का होईना तोंड देतो. पण बॅटरी सुकली किंवा तिचे टोक ढिले झाले, तर दाब एकदम उसळतो आणि आकड्यांच्या मीटरचा जीव जातो. म्हणून आधी बॅटरी, मग मीटर. शिवाय जुन्या ब्रिटिश गाड्यांपैकी कित्येकांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आजच्या गाड्यांत ऋण टोक जोडतात. वायर लावण्यापूर्वी हे स्वतः पाहून घ्यावे, कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये.

जोडणी झाली, किक मारली, गाडी स्टँडवर उभी, चाक स्थिर, आणि मीटरने ताशी १८० चा वेग दाखवला! मुले टाळ्या वाजवू लागली. हा चमत्कार ठिणगीचा होता. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या कॉइलमध्ये पॉइंट उघडले की प्रवाह एकाएकी तुटतो आणि प्लगपर्यंत हजारो व्होल्टचा दाब जातो. ठिणगी म्हणजे एक छोटे रेडिओ प्रक्षेपण केंद्रच. जुन्या रेडिओवर शेजारून गाडी गेली की खरखर येई, ती ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे लगेच पटेल. आम्ही संवेदकाची वायर सोयीची म्हणून प्लगच्या वायरीला लगटून नेली होती. ती प्रत्येक ठिणगी पकडत होती आणि मीटर तिला चाकाचा फेरा समजत होता. वायर दूरून नेली, तिला जाळीचे आवरण घातले, प्लगवर पाच हजार ओहमचा रोध असलेली टोपी बसवली, आणि १८० चा वेग शून्यावर आला.

मीटरमध्ये इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे दाखवण्याची सोय होती. मूळ बुलेटवर ती कधीच नव्हती. इथे मात्र ठिणग्याच मोजायच्या असतात. प्लगच्या वायरीभोवती आवरणाच्या वायरचे चार-पाच वेढे दिले की पुरते, पॉइंटला थेट जोडू नये, तिथे दोन-तीनशे व्होल्टचे झटके येतात. चार फटक्यांच्या एका सिलिंडरच्या इंजिनात ठिणगी दोन फेऱ्यांतून एकदा पडते. पण आजच्या कित्येक गाड्यांत ती प्रत्येक फेऱ्याला पडते, त्यातली एक वाया जाते. मीटरला यातले काय ते सांगावे लागते. आम्ही सांगितले नव्हते, त्यामुळे सुरुवातीला इंजिन खऱ्याच्या निम्म्याच वेगाने फिरताना दिसत होते. ही चूक आमच्या लगेच लक्षात आली, कारण नुसत्या कानाला सुद्धा ते इंजिन मिनिटाला ४०० फेऱ्यांवर चालल्यासारखे वाटत नव्हते. लक्षात न आलेली चूक पुढेच होती.

हेडलाइटच्या वरचा जुना अँपियरमीटर आम्ही काढला नाही. बॅटरी भरते आहे की रिकामी होते आहे हे त्याच्याइतके सरळ नवा मीटर सांगत नाही.

चाक किती मोठे?

मीटरचे वेगाचे गणित पुन्हा पाहा. परीघ भागिले वेळ. वेळ तो स्वतः मोजतो, आणि क्वार्ट्झच्या घड्याळाची चूक लाखात काही भाग एवढीच असते. परीघ मात्र तो मोजत नाही. चाकाला त्याने कधी पाहिलेलेच नाही. परीघ त्याला बाहेरून सांगावा लागतो. आम्ही तो सांगितला नाही. बटणे दाबून भाषा निवडली, दिव्याचा रंग निवडला, घड्याळ लावले, आणि परिघाच्या जागी कारखान्यातून आलेला १८७० मिलिमीटर हा आकडा तसाच राहिला. सतरा इंची चाकाच्या आजच्या एका सर्वसाधारण टायरला तो बरोबर आहे. अण्णांच्या गाडीला एकोणीस इंची चाक आणि सव्वातीन इंची टायर.

या टायरचा परीघ किती? एकोणीस इंचांत टायरची उंची दोन्ही बाजूंना मिळवली की व्यास साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. त्याला पायने गुणले की परीघ २०३५ मिलिमीटर येतो. पण हा कागदावरचा परीघ. माणूस बसला की टायर जमिनीपाशी दबतो आणि एका फेऱ्यात गाडी किंचित कमी जाते. तेव्हा मोजणेच बरे. टायरच्या बाजूला आणि जमिनीवर खडूने खूण करावी, हवा नेहमीची भरावी, नेहमीचा चालक गाडीवर बसवावा आणि दुसऱ्यांनी गाडी सरळ रेषेत ढकलत चाकाचे पाच फेरे पूर्ण करावेत. पाच फेऱ्यांचे अंतर टेपने मोजून पाचाने भागावे. एकच फेरा मोजला तर खूण जमिनीवर आली कधी हे ठरवण्यातली चूक पूर्ण अंगावर येते, पाच फेरे घेतले की ती पाचांत वाटली जाते. आम्हाला १० मीटर १० सेंटिमीटर मिळाले, म्हणजे परीघ २०२० मिलिमीटर.

२०२० च्या जागी १८७०. मीटर प्रत्येक फेऱ्याला १५ सेंटिमीटर रस्ता खात होता. आता अण्णांची वही काढा. ४२ किलोमीटरला १८७० ने गुणा आणि २०२० ने भागा, ३८.९ येतात. लिटरला ३५ किलोमीटरचे ३२.४ होतात. रस्ता कमी झाला आणि पेट्रोल वाढले या दोन तक्रारी नव्हत्याच, एकाच आकड्याच्या त्या दोन सावल्या होत्या. इंजिन ठणठणीत होते. जुना काटा डोलत असतानाही अंतराची चाके खरे बोलत होती. स्थिर आणि झळझळीत आकडा तीन महिने खोटे बोलला आणि आम्ही तिघांनी, त्यातले दोघे विज्ञान शिकवणारे, त्याच्यावर शंका घेतली नाही.

पेट्रोलच्या हिशेबापेक्षा वेगाची बाजू जास्त गंभीर होती. मीटरवर ६० दिसत असताना गाडी खरोखर जवळजवळ ६५ ने धावत होती. गाडी थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, तेव्हा ब्रेक लावल्यावरचे अंतर १६-१७ टक्क्यांनी वाढले होते. आणि ब्रेक १९७४ सालचे, ड्रमचे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा वेगमापकांविषयीचा एकोणचाळिसावा नियम असा आहे की मीटरने खऱ्यापेक्षा जास्त वेग एका मर्यादेपर्यंत दाखवला तर चालेल, कमी दाखवलेला मुळीच चालणार नाही. आमची चूक नेमकी न चालणाऱ्या बाजूची होती.

सूक्ष्म मापन आणि अचूक मापन यांतला फरक शिकवताना आपण बहुधा व्हर्नियर आणि शून्यदोष यांचे उदाहरण देतो. हे उदाहरणही वापरून पाहावे. दर फेऱ्याचा वेळ सेकंदाच्या लाखांशापर्यंत मोजणारे यंत्र, आणि त्याच्या उत्तराची लायकी ठरणार कशावर, तर शिंप्याकडे असते तशा टेपवर. टेपची एक सेंटिमीटर चूक म्हणजे उत्तरात अर्धा टक्का चूक. टायरची नक्षी पाच मिलिमीटर झिजली तर त्रिज्या दीड टक्क्याने कमी होते आणि मीटर तेवढा जास्त बोलू लागतो. दशांश चिन्हापुढे कितीही आकडे दाखवले तरी याच्यात काही फरक पडत नाही.

परीघ दुरुस्त केल्यावर आम्ही पडताळा घेतला. महामार्गावर रहदारी कमी असलेल्या पहाटे पाच किलोमीटरचे दगड ओलांडेपर्यंत मीटरवर ५० कायम ठेवून गाडी चालवली आणि मागे बसलेल्याने घड्याळ लावले. पाच किलोमीटरला ३६० सेकंद लागायला हवेत. ३६२ लागले. एकच दगड घेऊ नये, कारण दगड नेमके किलोमीटरवरच रोवलेले असतात असे नाही. मोबाइल फोनमधल्या उपग्रह मापनाशीही ताडून पाहिले. तो वेग चाकावर अवलंबून नसतो, पण वेग वाढताना किंवा कमी होताना तो जरा मागे राहतो. म्हणून ताडायचे ते सपाट रस्त्यावर, एकसारख्या वेगाने जातानाच, आणि फोन मागे बसलेल्याच्या हातात.

मुलांना हे सगळे करून पाहायचे तर बुलेट लागत नाही. शाळेच्या आवारातली कोणतीही सायकल, आरीला बांधलेला एक चुंबक, काट्याला बांधलेला चुंबकी स्विच आणि जुन्या गणकयंत्राच्या बरोबरच्या बटणाला जोडलेल्या दोन वायरी एवढ्यावर काम भागते. गणकयंत्रात परीघ मिळवत राहण्याची बेरीज लावून द्यायची, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला बटण आपोआप दाबले जाते आणि पडद्यावर अंतर वाढत जाते. मग दोन गटांना एकाच सायकलचा परीघ वेगवेगळ्या रीतींनी काढायला सांगावा, एकाने व्यास मोजून आणि दुसऱ्याने सायकल ढकलून, आणि दोघांनी मैदानाला फेरी मारावी. फेरी एकच असून उत्तरे जुळत नाहीत, आणि मग वाद रंगतो.

राहिला प्रश्न जुन्या मीटरचा. पन्नास वर्षे झालेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली वेगळी नोंदणी आणली आहे, आणि मूळ रूप हीच तिची अट आहे. त्यामुळे आम्ही हेडलाइटच्या घरात एकही भोक पाडले नव्हते, हे एक बरे झाले. नवा मीटर हँडलवर पट्टीने बांधला होता, वायरी जुन्या वायरींना न कापता खोबणींतून जोडल्या होत्या. अण्णांनी जुना मीटर उघडून वाळवून घेतला, नवी केबल आणून ग्रीस भरून घातली. आता गाडीवर दोन्ही आहेत. काटा जरासा डोलतो, आकडा स्थिर असतो, आणि बेचाळीस किलोमीटरच्या रस्त्यावर दोघांत अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त फरक पडत नाही.

वहीत मधल्या तीन महिन्यांच्या नोंदी अण्णांनी खोडल्या नाहीत. प्रत्येक नोंदीशेजारी लाल शाईने त्यांनी दुरुस्त आकडा लिहिला आहे, आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात गुणायचा अपूर्णांक, २०२ छेद १८७.